चांदीचा अष्टविनायक नाणेसंच: घेतला माघात, भाव काढला दिवाळीनंतर

1 फेब्रुवारी 2025, माघी गणेशजयंती. त्या मुहूर्तावर चांदीच्या नाण्यांचा अष्टविनायक संच घेतला. मोरगावपासून रांजणगावपर्यंत आठ गणपती, आठ नाणी, प्रत्येकी 20 ग्रॅम, 999 शुद्धता, सागवानी पेटी, प्रत्येक नाण्यावर क्रमांक आणि सोबत प्रमाणपत्र. जीएसटी धरून 31,500 रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण आमच्या मजल्यावरच्या काकांची तक्रार ग्राहक आयोगापुढे आहे. शिवाय असे संच विकणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत आणि कागदपत्रं जवळपास सगळ्यांची सारखीच असतात.

आधी वस्तूबद्दल. काम सुंदर आहे. पालीचा बल्लाळेश्वर आणि थेऊरचा चिंतामणी यांच्या चेहऱ्यांत फरक कळतो, एकच साचा आठ वेळा फिरवलेला नाही. लेण्याद्रीच्या नाण्यावर डोंगरातल्या पायऱ्या कोरल्यात, त्या भिंगातून मोजता येतील इतक्या स्वच्छ. संकष्टीला पेटी देवघरासमोर उघडून ठेवते, घरी येणारा प्रत्येक जण हातात घेऊन बघतो. यासाठी मला या संचाबद्दल कसलाही पश्चात्ताप नाही.

प्रत्येक नाणं ज्या छोट्या पारदर्शक डबीत बंद येतं, ती कॅप्सूल मात्र साधी आहेत. ठाण्याच्या पावसाळ्यात जुलैअखेर दोन नाण्यांच्या काठाला पिवळसर झाक आली, ऑगस्टमध्ये ती तपकिरी झाली. चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते, त्यात दोष कुणाचा नाही, पण हवाबंद म्हणून विकलेलं कॅप्सूल हवाबंद असायला हवं. एक सांगून ठेवते: अशी नाणी चिंच, रांगोळी, टूथपेस्ट यांनी अजिबात घासू नका. समईला चालतं, नाण्याला नाही. संग्राहक घासलेलं नाणं लगेच ओळखतात आणि भाव पाडतात. मी प्रत्येक खणात सिलिका जेलची पुडी टाकली, त्यानंतर डाग वाढले नाहीत.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

घेतला तेव्हा चांदी ग्रॅमला 95 रुपयांच्या आसपास होती. 160 ग्रॅमचे झाले 15,200. म्हणजे मी दिलेल्या पैशातली निम्मी रक्कमसुद्धा चांदीची नव्हती. उरलेली घडणावळ, पेटी, प्रमाणपत्र, जाहिरात, कर आणि कंपनीचा नफा. मला ते चाललं, मी पूजेची वस्तू घेत होते. काकांना मात्र कंपनीने संच विकताना सांगितलं की ही गुंतवणूक आहे. काकांनी निवृत्तीच्या पैशातून चार संच घेतले, 1,26,000 रुपयांचे. फोनवरच्या मुलाने सांगितलं, "सर, चांदीचा भाव वाढेल तो वेगळा, आणि मर्यादित आवृत्ती असल्यामुळे कलेक्टर व्हॅल्यू दरवर्षी पंधरा ते अठरा टक्के वाढते." व्हॉट्सॲपवर एक रंगीत माहितीपत्रक आलं, त्यात जुन्या संचांच्या किमतीचा वर चढत जाणारा आलेख होता.

तो आलेख मी नंतर नीट पाहिला. खोटा नाही. पण त्यातले सगळे आकडे कंपनीच्या स्वतःच्या विक्रीच्या किमती आहेत. कंपनीने पूर्वी संच कितीला विकला आणि आज कितीला विकते, एवढंच त्यात दिसतं. एखाद्या ग्राहकाने तो परत विकला तेव्हा त्याच्या हातात किती पडले, हे त्या कागदावर कुठेही नाही. ग्राहकाला बघायचा असतो तो नेमका हाच आकडा, आणि या धंद्यातली बहुतेक भांडणं इथेच सुरू होतात.

दिवाळीनंतर काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि काकांनी संच काढायचं ठरवलं. चांदी तोवर ग्रॅमला दीडशेच्या घरात गेली होती, त्यामुळे काका निश्चिंत होते. मी सोबत गेले, माझाही संच घेतला, फक्त भाव काढायला. जांभळी नाक्याजवळच्या एका जुन्या सराफाकडे गेलो. त्यांनी पेटी उघडली, प्रमाणपत्र न वाचता बाजूला ठेवलं, काकांच्या परवानगीने एका कॅप्सूलला नख लावलं आणि मोरगावचा मयूरेश्वर काट्यावर ठेवला. 19.98 ग्रॅम. मग मशीनखाली धरला, टंच, म्हणजे शुद्धता, शंभरात 99.8 आला. म्हणाले, "माल चोख आहे. ग्रॅमला 145 देतो. पेटी घरी घेऊन जा, तिचे पैसे मी देऊ शकत नाही." काकांनी क्रमांक दाखवला, मर्यादित आवृत्ती असल्याचं सांगितलं. सराफ शांतपणे म्हणाले, "काका, माझ्याकडे याचं गिऱ्हाईक नाही. हे मी आटवणार. आटल्यावर क्रमांक कुठे राहतो?"

मला हे उत्तर प्रामाणिक वाटलं. चार संचांचे 640 ग्रॅम, 92,800 रुपये. चांदी दीडपटीहून जास्त वाढूनही काकांना 33,200 चा खड्डा. गोखले रोडवरच्या दुसऱ्या दुकानात 140 सांगितले, तेही फक्त त्यांच्याकडे दागिना घेतला तर वळते करणार. रोख नाही.

कंपनीच्या प्रमाणपत्रावर परतखरेदीची हमी ठळक अक्षरात होती, म्हणून तिथे फोन केला. मागच्या बाजूच्या बारीक अटी तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने वाचल्या. दर बाजाराचा नाही, कंपनी त्या दिवशी जाहीर करेल तो: त्या दिवशी 138. त्यातून दहा टक्के शुद्धीकरण आणि हाताळणीचे. कॅप्सूल उघडलेलं असेल तर संच स्वीकारायचा की नाही हे कंपनी ठरवणार. कुरिअर आणि विमा ग्राहकाचा. हिशोब केला तर संचाला 19,872 रुपये, चारही संचांचे 79,488. त्याच दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर तोच संच 44,000 ला विकायला होता. एकाच वस्तूच्या, एकाच दिवशीच्या, एकाच दुकानदाराच्या या दोन किमती. हमी पाळली असं कंपनी म्हणते, आणि अक्षरशः पाहिलं तर पाळलीच आहे.

माझ्या संचाचं गणित सांगते. 31,500 भागिले 160, म्हणजे ग्रॅमला 197 रुपये मिळाले तरच माझी मुद्दल सुटते. 95 चे 197 व्हायला भाव दुपटीच्या वर जावा लागतो. भाव चढता असतो तेव्हा हे लक्षात येत नाही, कारण चांदीची तेजी घडणावळीचा तोटा झाकून टाकते. भाव स्थिर असता तर काकांना सराफाच्या पहिल्या वाक्यालाच धक्का बसला असता.

"मग सरकारी घ्यावं" हा सल्ला आम्हाला खूप जणांनी दिला. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. भारत सरकारच्या टांकसाळीची स्मारक नाणी खरी नाणी आहेत, त्यांच्यावर दर्शनी किंमत असते. खासगी संचावर ती नसते. पण त्यातही धातू बघा: 2023 मध्ये नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाला निघालेलं 75 रुपयांचं नाणं 35 ग्रॅमचं आहे आणि त्यात चांदी 50 टक्के, बाकी तांबं 40, निकेल 5, जस्त 5. म्हणजे साडेसतरा ग्रॅम चांदी. सराफ ते आटवून तुम्हाला पैसे देऊ शकत नाही, कारण नाणं वितळवणं कॉइनेज ॲक्ट, 2011 खाली गुन्हा आहे. तेव्हा ते विकायचं तर संग्राहकालाच, आणि संग्राहक स्वतः शोधायचा. बँकेतून घेतलेल्या सोन्याच्या नाण्याचीही अशीच गत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँक नाणं विकू शकते, परत घेऊ शकत नाही. आमच्या ओळखीच्या एक ताई पासबुक आणि सीलबंद नाणं घेऊन काउंटरपर्यंत गेल्या होत्या, तिथल्या मुलीने नम्रपणे सराफाकडे पाठवलं.

दुर्मिळतेला पैसे मिळतच नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही. बाबांच्या डब्यात काही राजाछाप, म्हणजे ब्रिटिश राजाचं चित्र असलेले, रुपये होते. तोळाभराचं जुनं नाणं, 11.66 ग्रॅम, त्यात 91.7 टक्के चांदी. 1940 पासून ती निम्म्यावर आली. ते मी मुंबईतल्या एका नाणेप्रदर्शनात दाखवले. तिथे टेबलामागे बसलेले लोक आधी वर्ष बघतात, मग टांकसाळीची खूण, मग राजाच्या मुकुटावरची आणि कानावरची झीज. बहुतेक रुपयांना चांदीच्या भावापेक्षा थोडं वर सांगितलं, एकाला बरंच वर, आणि शेजारच्या टेबलाने त्याच रुपयाला वेगळा आकडा दिला. पण दोघांनीही खरेदीचा आकडा तिथल्या तिथे, पैसे मोजायच्या तयारीने सांगितला. 1939 सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया असेल तर बघायला आवडेल असंही एक जण म्हणाले, आणि त्याच्या नकला बाजारात भरपूर आहेत असं लगेच बजावलं.

तिथेच 1911 च्या पाचव्या जॉर्जच्या रुपयाची गोष्ट ऐकली. राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गदारोळ झाला, बहुतेक नाणी परत घेऊन वितळवली गेली आणि 1912 ला चित्र सुधारलं. ती दुर्मिळता घडून गेली, कुणी आधी छापून विकलेली नव्हती. शंभर वर्षं झाली तरी त्याला मागणारे लोक आहेत. आमच्या संचावरचा "5,000 पैकी 1,216" हा क्रमांक मागणारा माणूस अजून मला भेटलेला नाही.

परदेशातही हेच वाद आहेत. अमेरिकेत पीसीजीएस (1986) आणि एनजीसी (1987) या संस्था नाण्याला 70 पैकी गुण देऊन पारदर्शक डबीत बंद करतात. जुन्या नाण्याला त्याचा उपयोग होतो, खरेखोटेपणाचा प्रश्न मिटतो. पण आजच टांकसाळीतून निघालेल्या, हजारोंनी 70 गुण मिळवणाऱ्या नाण्याला त्या डबीसाठी चढा भाव देणारे तिथलेही ग्राहक विकताना धातूच्या भावावर येऊन आपटतात.

काकांच्या तक्रारीचं सांगते, कारण ठाण्यातल्या कुणालातरी उपयोग होईल. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद केली. कंपनीचं उत्तर आठवड्याभरात आलं: अटींप्रमाणे भाव दिला आहे. मग लेखी नोटीस, आणि त्यानंतर ई-जागृती या ऑनलाइन तक्रारीच्या सरकारी पोर्टलवरून ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात. बिलावर दुसऱ्या राज्यातल्या न्यायक्षेत्राचं वाक्य होतं, ते पाहून काका खचले होते. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथे दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे, बसून राहू नका.

कंपनीने लेखी उत्तरात अपेक्षित मुद्दा काढला: चार संच नफ्यासाठी घेतले, म्हणजे हा व्यापारी हेतू, हे ग्राहकच नाहीत. हा मुद्दा हलका नाही. व्यापारासाठी किंवा पुनर्विक्रीसाठी घेणाऱ्याला कायदा ग्राहक मानत नाही. काकांच्या बाजूने आम्ही एवढंच मांडलंय की निवृत्त माणसाने एकदा घेतलेली घरगुती बचत म्हणजे धंदा नव्हे, आणि नफ्याची भाषा आधी कंपनीच्या माहितीपत्रकाने केली. फोनवरचं बोलणं रेकॉर्ड झालेलं नाही. ते माहितीपत्रक व्हॉट्सॲपवर तारखेसकट शाबूत आहे, म्हणून तक्रार उभी तरी राहिली. असं काही घेणार असाल तर विक्रेत्याला एकच मेसेज पाठवा: "हा संच मी आज तुम्हाला परत दिला तर किती रुपये द्याल?" उत्तर आकड्यात मागा आणि जपून ठेवा. मी हाच मेसेज नंतर तीन विक्रेत्यांना पाठवला. एकाने आकडा दिला, तो चांदीच्या भावापेक्षा चार टक्के कमी होता. त्याच्याकडून मी भाचीच्या बारशाला साधं, नक्षी नसलेलं, 10 ग्रॅमचं नाणं घेतलं. बाकी दोघांनी पुन्हा आलेख पाठवले.

काकूंच्या ऑपरेशनसाठी काकांनी दोन संच त्याच सराफाला 145 ने दिले, पावती घेऊन. उरलेले दोन सीलबंद आहेत, आयोगाने मागितले तर दाखवायला. तक्रारीत संपूर्ण पैसे परत मागितलेले नाहीत. मागणी दोन गोष्टींची आहे: परतखरेदी त्या दिवशीच्या चांदीच्या खुल्या भावाने, कपात न करता व्हावी, आणि माहितीपत्रकातल्या आलेखाशेजारी त्या त्या वर्षीचा कंपनीचा खरेदीचा भावही छापला जावा. दुसऱ्या मागणीवर काका पहिलीपेक्षा जास्त अडून आहेत.