गॅसलाइट (१९४४): दिवा मंद का होतो ते मावशीला आधी कळलं

शनिवारी रात्री इंदिरानगरला आमच्या घरी सहा जणांनी मिळून हा पिक्चर बघितला, मी, आई, मावशी, भाऊ-वहिनी आणि समोरच्या काकूंचा इंजिनीअरिंगला असलेला मुलगा. पिक्चर संपल्यावर साडेबारापर्यंत कोणी जागचं हललं नाही, नुसते वाद चालले होते, आणि वाद ऐकताना मला वाटायला लागलं की प्रत्येकाने वेगळाच पिक्चर बघितलाय, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं. आधीच सांगते, खाली शेवटापर्यंतची गोष्ट आलीय, कोरं बघायचं असेल तर आधी बघून या.

लंडनला थॉर्नटन स्क्वेअरमधल्या नऊ नंबरच्या घरात एका नावाजलेल्या गायिकेचा खून होतो, खुनी सापडत नाही. तिची भाची पॉला, जिला तिनेच वाढवलेलं असतं, इटलीला गाणं शिकायला जाते, तिथे पियानो वाजवणाऱ्या ग्रेगरीच्या प्रेमात पडते आणि दोन आठवड्यांच्या ओळखीवर लग्न करते. मग नवऱ्याच्या हौसेखातर परत त्याच घरात राहायला येतात. आणि हळूहळू वस्तू गायब व्हायला लागतात, नवऱ्याने दिलेली ब्रोच तिच्या पर्समधून नाहीशी होते, भिंतीवरची तसबीर गायब होते, आणि दरवेळी तो इतक्या हळुवार आवाजात सांगतो की अगं तूच केलंस, तुझ्या लक्षात राहत नाही हल्ली, की बघणाऱ्यालाही क्षणभर वाटतं खरंच हिचंच काहीतरी चुकतंय का. मारझोड नाही, आरडाओरडा फारसा नाही. मला त्या शांत आवाजाचीच जास्त भीती वाटली.

आता दिव्याचं. नवरा रोज रात्री कामाला म्हणून बाहेर पडतो आणि थोड्या वेळाने पॉलाच्या खोलीतला गॅसचा दिवा आपोआप मंद होतो, वर बंद माळ्यावर पावलं वाजतात. आम्ही सगळे भुताटकी, भास असं काहीबाही बोलत होतो आणि मावशी एकदम म्हणाली, "अगं वर कोणीतरी दुसरा दिवा लावलाय." मावशीचं लहानपण जुन्या नाशकात गेलंय, तिळभांडेश्वर लेनजवळच्या वाड्यात, खाली पिठाची गिरणी होती आणि गिरणी सुरू झाली की वरच्या मजल्यावरचा बल्ब लगेच पिवळा पडायचा, त्यावरून घरात कळायचं की गिरणी उघडली, जा दळण घेऊन. गॅसच्या दिव्याचंही तसंच आहे, घरात पाइप एकच, वर कोणी बर्नर उघडला की खालच्या दिव्यांचा दाब कमी पडतो. म्हणजे नवराच शेजारच्या रिकाम्या घरातून छपरावरून आपल्याच माळ्यावर येतो आणि खून झालेल्या बाईचे दागिने शोधत बसतो! पिक्चरमधल्या पोलिसाच्या कितीतरी आधी मावशीने केस सोडवली आणि मग शांतपणे शेंगदाणे सोलत बसली.

आणि मला वाटतं पिक्चरची सगळी ताकद याच दिव्यात आहे, कारण दिवा खोटं बोलत नाही, पॉला जे बघते ते खरंच घडतंय, फक्त "हो, मलाही दिसलं" म्हणणारं दुसरं माणूस घरात नाहीये. शेवटी तो स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर घरात बसलेला असताना दिवा मंद होतो आणि त्यालाही ते दिसतं, त्या वेळी पॉला झालेल्या इंग्रिड बर्गमनचा चेहरा बघा. एवढी सुटका मी पडद्यावर क्वचितच बघितलीय. तिला या कामासाठी ऑस्कर मिळालं, तिचं पहिलंच, आणि मला विचाराल तर त्या अर्ध्या मिनिटासाठीच द्यायला हवं होतं.

वाद पेटला तो वहिनीमुळे. तिचं म्हणणं, ही बाई इतकी गप्प का, घर तिचं, पैसा तिचा, मग उठून निघून का जात नाही, मला तर चीड यायला लागली तिची. काकूंच्या मुलाचं वेगळंच, तो म्हणे पहिला पाऊण तास स्लो आहे आणि नवराच व्हिलन आहे हे लगेच कळतं मग सस्पेन्स कुठे राहिला. त्याचं अर्धं पटतं मला, सुरुवात संथ आहेच, इटलीतला रोमान्स आजच्या हिशोबाने लांबलाय. पण सस्पेन्स खुनी कोण हा नाहीच ना, ती स्वतःवरचा विश्वास किती दिवस टिकवून ठेवेल हा आहे. आणि वहिनीला मावशीने उत्तर दिलं, "जाईल कुठे आणि विचारेल कोणाला? तो घरात माणूस येऊ देत नाही, तिला बाहेर जाऊ देत नाही. माणसाला चार माणसं लागतात गं, नाहीतर आपलं खरं आहे हेच कळत नाही." यावर वहिनी काही बोलली नाही, पण नंतर त्या गाण्याच्या मैफलीचा सीन परत लावायला लावला तिने, जिथे पॉला हट्टाने बाहेर पडते, नवऱ्याला सोबत यावं लागतं, आणि भर मैफलीत तो आपलं घड्याळ तिच्याच पर्समधून काढतो आणि ती सगळ्यांसमोर रडायला लागते. दुसऱ्यांदा बघताना वहिनीच्या डोळ्यात पाणी होतं.

आईला मात्र लागून राहिली ती म्हातारी स्वयंपाकीण, एलिझाबेथ. कमी ऐकू येणारी, मनाने चांगली. इन्स्पेक्टर येऊन गेल्यावर नवरा विचारतो घरात कोणी आलं होतं का, तर पॉलाला वाचवायचं म्हणून ती सांगते मी कोणालाच बघितलं नाही, आणि पॉलाला वाटतं अरे देवा म्हणजे मला परत भास झाला. आई म्हणाली चांगल्या मनाने बोललेलं खोटंसुद्धा कसं लागतं बघ. शेवटी बांधून ठेवलेल्या नवऱ्यासमोर पॉला सुरी घेऊन उभी राहते, त्या सीनपेक्षाही मला हा सीन भयंकर वाटला.

अॅक्टिंगमध्ये नवरा झालेला चार्ल्स बॉयर जबरदस्त आहे, डोळे आणि आवाज यावरच खेळतो तो. आणि ती उद्धट मोलकरीण नॅन्सी, अँजेला लॅन्सबरी, तिचा हा पहिलाच पिक्चर, शूटिंग चालू असताना तिला अठरा पूर्ण झाली आणि पहिल्याच कामाला ऑस्करचं नॉमिनेशन! मालकिणीकडे ती ज्या नजरेने बघते ना, थोबाडीत द्यावीशी वाटते. कच्चा दुवा म्हणजे जोसेफ कॉटन, माणूस चांगला नट आहे पण लंडनचा पोलीस म्हणून अमेरिकन बोलतो आणि त्याचं असं बरोब्बर वेळेवर भेटणं जरा सोयीचं वाटतं. सेटला पण ऑस्कर मिळालंय आणि ते दिसतं, घर इतकं सामानाने गच्च भरलंय की आपल्यालाच श्वास कोंडल्यासारखा होतो. हे रंगीत असतं तर ते धुकं आणि त्या सावल्या अशा अंगावर आल्या नसत्या.

जाता जाता, हा पिक्चर आला त्याच वर्षी, १९४४ च्या फेब्रुवारीत, आपले दादासाहेब फाळके इथे नाशकात गेले. पिक्चरचं साल बघताना एकदम आठवलं आणि जरा वेळ आम्ही सगळे तेच बोलत बसलो.

आजकाल मुलं उठसूट "गॅसलाइट करू नको" म्हणतात, म्हणजे मला माझ्याच डोक्यावर शंका यायला लावू नको, तो शब्द इथूनच आला, म्हणजे मूळ पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ च्या नाटकातून आणि मग या पिक्चरमधून, २०२२ मध्ये तर मेरियम-वेबस्टर डिक्शनरीने 'गॅसलायटिंग' हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. काकूंच्या मुलाला हे माहीतच नव्हतं, तो शब्द वापरतो रोज.

बघताना खोलीतले लाइट बंद करा, फोन लांब ठेवा आणि पहिला पाऊण तास धीर धरा. सबटायटल लावाच, आवाज जुना आहे आणि बॉयर फार हळू बोलतो. आणि शोधताना दिग्दर्शक जॉर्ज क्युकरचं नाव बघून घ्या, कारण याच नाटकावर १९४० मध्ये इंग्लंडमध्येही एक पिक्चर निघाला होता, नाव तेच. एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओने आपला १९४४ चा पिक्चर काढताना त्या जुन्याच्या प्रिंट नष्ट करायचा प्रयत्न केला होता, तरी तो वाचला. हे ऐकल्यावर मावशी म्हणाली मग तोच आधी बघायला हवा होता, पुढच्या शनिवारी तो लावायचं ठरलंय, दळण आणि शेंगदाणे तिच्याकडे.