सांडपाण्यावरची कर्दळ: आमच्या मुलुंडच्या सोसायटीचा अनुभव

बाथरूम-बेसिनचं पाणी झाडांकडून साफ करून घेणारा खडीचा वाफा आम्ही बिल्डिंगच्या मागे करून घेतला. ठेकेदाराचं नाव देत नाही, कारण पुढे त्याच्याबद्दल कुरकुर आहे. झाडांबद्दल मात्र तक्रार नाही.

पाणी आधी गाळाच्या टाकीत थांबतं, मग दोनेक फूट खोल खडीतून संथ सरकतं. खडीत कर्दळ, पाणकणीस आणि वाळा. झाडं घाण पितात असं कमिटीत सगळ्यांना वाटत होतं. खरं राबतात ते मुळांभोवतीचे जिवाणू. झाड त्यांना मुळांवाटे हवा पुरवतं आणि नायट्रोजन, फॉस्फरस थोडं स्वतः ओढून घेतं. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेचं 'फायटोरिड' तंत्र याच जातीतलं. पाणी खडीच्या आतूनच वाहतं म्हणून डास नाहीत. पालिकेचे डेंग्यूवाले टॉर्च मारून गेले, एक अळी सापडली नाही. शेवटच्या चेंबरमधलं पाणी बादलीत घेतलं की तळ दिसतो, फेस नाही. बागेला ते पुरून उरतं.

ठेकेदाराने कडेला अळूही लावलं होतं, आणि ते असं माजलं की विचारू नका. ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू कात्री घेऊन हजर. "अगं, बैलाच्या मेहनतीचं नाही, ऋषीच्या भाजीला चालतं की!" म्हटलं, "काकू, अख्ख्या बिल्डिंगच्या अंघोळीवर वाढलंय ते." कात्री पिशवीत गेली. दुसऱ्याच दिवशी माळ्याकडून अळू उपटून तिथे कर्दळ लावली. रुळांकडेला गटाराच्या पाण्यावर पिकवलेली पालेभाजी मी घेत नाही ती याचसाठी: झाड जे ओढून घेतं ते त्याच्यातच राहू शकतं. कारखान्याच्या जमिनीतलं शिसं काढायला मोहरी लावतात, तेव्हा ते शिसं नाहीसं होत नाही, झाडात साठतं. म्हणून ती कापणी ना गुरांना घालायची, ना खतात.

आता कुरकुर. पैसे मिळाल्यावर गाळाची टाकी उपसायला कोणी फिरकलं नाही. साबणाची साय आणि केस खडीत जाऊन ती चोंदली, पाणी वर आलं आणि तळमजल्याला वास. फोन केला की "मॅडम, माणूस निघालाय." शेवटी आमच्याच प्लंबरने उपसली.

टाकी कोण आणि कधी उपसणार, हे करारात लिहून घ्या. आणि जागा बरीच लागते; कंपाउंडभर पार्किंग असेल तर या भानगडीत पडू नका. वाफ्याला पाच स्टार, सर्व्हिसला दोन.