फ्युजन रिॲक्टरमधला प्रवाह: ओपनफोम की फ्लुएंट?

गोव्यातल्या फर्मागुढीच्या वर्गात कुणी "सर, फ्युजनवर प्रोजेक्ट करायचाय, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ, ओपनफोम की फ्लुएंट?" असं म्हणालं (दोन्ही द्रवाचा प्रवाह संगणकावर सोडवतात), की मी उलट विचारतो: नळीतून वाहतंय काय? पाणी, की शिसं-लिथियम?

पाणी असेल, म्हणजे विषय डायव्हर्टरचा (तप्त प्लाझ्मातली उष्णता आणि राख झेलणाऱ्या रिॲक्टरच्या तळाच्या भागाचा) असेल, तर फ्लुएंट घ्या. फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय फ्युजन रिॲक्टरच्या, म्हणजे ईटरच्या, डायव्हर्टरला दर चौरस मीटरमागे १० मेगावॅट उष्णता सतत झेलायची आहे. टंगस्टनच्या ठोकळ्यांतून गेलेल्या तांब्याच्या मिश्रधातूच्या नळीत पीळ दिलेली पट्टी असते, पाणी गरगरत जातं आणि भिंतीलगत बारीक उकळी फुटते. या उकळीची मॉडेलं फ्लुएंटमध्ये आयती मिळतात. ओपनफोममध्येही आहेत, पण नवख्याचं अर्धं सत्र ती समजून घेण्यातच जातं.

शिसं-लिथियमचं गणित वेगळं, आणि मला जास्त ओढ त्याचीच. भारताने ईटरसाठी आखलेल्या ब्लँकेटच्या (प्लाझ्माभोवतीच्या, उष्णता झेलून इंधन तयार करणाऱ्या आवरणाच्या) चाचणी मॉड्यूलमध्ये हाच द्रव आहे. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचं हे काम. वितळलेला धातू चुंबकीय क्षेत्रातून सरकला की त्यात वीज वाहू लागते आणि तीच त्याला मागे खेचते. नळीची अर्धी रुंदी १० सेंटीमीटर आणि हार्टमन संख्या (चुंबकीय ओढ द्रवाच्या चिकटपणापेक्षा किती भारी, याचं माप) १०,००० धरली, तर भिंतीलगतचा हार्टमन थर, जिथे वेग शून्यावर उतरतो, जेमतेम ०.०१ मिलिमीटर! त्या थरात मेशचे (गणनेच्या जाळीचे) चार-पाच खण तरी बसवा, नाहीतर दाबातली घट चुकते. भिंती वीजवाहक असतील तर मधला प्रवाह संथ आणि क्षेत्राला समांतर भिंतींजवळचा जोरात. मांडवी नदीत आपण पाहतो त्याच्या अगदी उलट.

फ्लुएंटच्या एमएचडी (चुंबकीय क्षेत्रातल्या वीजवाहक द्रवाचा प्रवाह) मॉड्यूलमध्ये विद्युत-विभवाची (व्होल्टेजची) पद्धत तयार आहे, उष्णतेचं समीकरणही सोबत सोडवलं जातं. पण आतला कोड उघडून बघता येत नाही, आणि विद्यार्थी आवृत्तीत खणांच्या संख्येवर मर्यादा असल्याने इतका पातळ थर असलेली त्रिमितीय नळी बसवताना जीव मेटाकुटीला येतो. ओपनफोम फुकट, तिथे मर्यादा तुमच्या मशीनचीच. मात्र त्यातला एमएचडीफोम हा तयार प्रोग्राम तापमान सोडवत नाही, भिंतीतून जाणारी वीजही धरत नाही. तापमानाचं समीकरण जोडणं सोपं आहे. विभवाचं समीकरण लिहून प्रत्येक खणात विद्युतप्रवाहाचा हिशेब जुळवणं अवघड, त्याला सी++ ही प्रोग्रामिंगची भाषा पक्की हवी. तरी शिसं-लिथियमवर प्रबंध लिहायचा असेल तर मी ओपनफोमच सुचवीन, कारण तोंडी परीक्षेत समीकरणातलं प्रत्येक पद उघडून दाखवता येतं.

अमेरिकेतल्या आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेचं नेक ५००० हे सॉफ्टवेअर अचूक आहे, पण ते पीएचडीसाठी ठेवा.

दोन्हींपैकी काहीही घेतलंत तरी आधी सपाट नळीसाठी (दोन समांतर भिंतींमधल्या प्रवाहासाठी) हार्टमनने १९३७ साली दिलेलं उत्तर जुळवून बघा. ओपनफोमसोबत हे उदाहरण येतंच. आणि निकाल थोड्या-थोड्या वेळाने डिस्कवर लिहायला लावा. आपल्याकडे पावसाळ्यात वीज गेली, तर गणना तिथूनच पुढे सुरू करता येते.