फायबरची बावीस फुटी होडी: रंगाला नऊ महिने झाल्यावर

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे खाडीच्या बाजूला आमची होडी उभी असते. बाबांनी ती २००४ साली घेतली. तेव्हा सगळ्यांची समजूत एकच होती, की फायबरला काही करावं लागत नाही. लाकडी होडीला दर वर्षी तेल पाजा, सांधे भरा, राळ लावा. फायबरला वरून ऑइलपेंटचा हात फिरवला की वर्ष निघालं. वीस वर्षं आम्ही तेच केलं. २०२४ च्या जानेवारीत ती वर ओढली, तळाचं शेवाळ आणि शिंपले खरवडले, तेव्हा रंगाखाली फोड दिसले. काही एक रुपयाच्या नाण्याएवढे, काही पाच रुपयांच्या.

आधी निकाल सांगतो. नऊ महिन्यांनंतर होडी आतून कोरडी आहे, बसवलेलं ठिगळ दगडासारखं घट्ट आहे, वरच्या रंगाची चमक टिकून आहे. तळाच्या रंगाने मात्र अर्धवट साथ दिली, आणि त्यात चूक माझी होती. ती कशी झाली हे पुढे सविस्तर लिहितो, कारण आपल्या किनाऱ्यावर हीच चूक होण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.

गावात फायबरचं काम करणारे एक काका आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी खिळ्याच्या टोकाने एक फोड उघडला, बोट ओलं करून माझ्या नाकाशी धरलं.

"वास घे बघू. आंबट येता मा?"

"येता काका. व्हिनेगरसारखो."

"मगे रंगाक हात लावू नको. आधी सुकांदे."

त्या आंबट वासात सगळं दुखणं आहे. जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. तो पाणी पूर्ण अडवत नाही, त्यातून ओलावा वर्षानुवर्षं सावकाश आत झिरपतो. आत काचेच्या धाग्यांना धरून ठेवणारं पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव, त्यातले विरघळणारे अंश असतात, त्यांच्याशी मिळून आंबट द्राव तयार होतो. तो द्राव बाहेरचं आणखी पाणी ओढून घेतो, आत जागा पुरत नाही आणि जेलकोट उचलला जातो. गोड्या पाण्यात हे खाऱ्या पाण्यापेक्षा लवकर होतं, आणि कोमट पाण्यात आणखी लवकर. भर समुद्रात राहणाऱ्या होडीपेक्षा खाडीत बांधलेल्या होडीला हा त्रास जास्त का, याचं उत्तर मला तिथे मिळालं. पावसाळा सरल्यावरही कितीतरी दिवस आमच्या खाडीला वरून गोडं पाणी येत असतं.

फोड उघडताना डोळ्यांवर चष्मा हवाच. आतला द्राव दाबाखाली असतो. पहिलाच फोड उघडला तेव्हा त्याची चिळकांडी माझ्या गालावर उडाली.

आता मुख्य गोष्ट, वेळेची. आपल्याकडे होडी रिकामी मिळते ती मासेमारी बंदीत, १ जून ते ३१ जुलै. त्यामुळे सगळी डागडुजी पावसात, झापांच्या किंवा ताडपत्रीच्या आडोशाला उरकायची सवय पडली आहे. फायबरसाठी वर्षातले हेच दोन महिने सर्वांत वाईट. तळ वाळत नाही, काचेच्या मॅटमध्ये, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या थरात, दमट हवा शिरते, थर पांढुरका पडतो आणि जुन्या अंगाला नीट धरत नाही. आमच्याच होडीवर आधीचं एक ठिगळ असं पावसात मारलेलं होतं, ते पटाशी घातल्यावर पापडासारखं सुटून आलं. म्हणून मी फेब्रुवारी ते एप्रिल, ऐन हंगामातले तीन महिने, होडी बंद ठेवली. घरात यावरून बरंच बोलणं झालं. तीन महिन्यांची मासळी सोडणं सोपं नव्हतं, आणि ज्याचं पोट रोजच्या जाळ्यावर आहे त्याला हे असंच करा म्हणून सांगणं मला जड जातं. पण ज्याला जमेल त्याने एकदा तरी करावं.

वाळवणं हे खरं काम. फोड असलेल्या जागा ४० नंबरच्या पेपरने घासून घट्ट थर लागेपर्यंत उघड्या केल्या. त्याआधी तळ दोन कापडांनी पुसला, एकाने थिनर लावायचा आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने लगेच टिपून घ्यायचा. हे घासण्याच्या आधीच करायचं असतं. नाहीतर वरचं मेण आणि तेल पेपरच्या ओरखड्यांत आत जाऊन बसतं आणि पुढचं काहीच नीट चिकटत नाही. मग दर चार दिवसांनी विहिरीच्या पाण्याने तळ धुवायचा. वाळवायचं आणि धुवायचं हे उलटं वाटतं, पण आतला आंबट द्राव पाण्यानेच निघतो. तो राहिला तर वरून कोरडा दिसणारा तळ पुन्हा ओलावा ओढतो. तळ वाळला की नाही हे बघायला मोठं यंत्र लागत नाही. फूटभर पारदर्शक प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवायचं. आतून थेंब जमले तर अजून थांबायचं. आमचं प्लॅस्टिक सातव्या आठवड्यात कोरडं निघालं. रोज सकाळी चहाच्या आधी मी तिथे जाऊन बघायचो, आणि ज्या दिवशी आत एकही थेंब दिसला नाही त्या दिवशी बाबांना हाक मारून दाखवलं.

नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, उजव्या अंगाला, पाण्याच्या रेषेखाली, हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर बद्द आवाज येत होता. धड भागाचा आवाज खणखणीत असतो, कानाला फरक लगेच कळतो. तिथे आधी कुणीतरी गाडीच्या दुरुस्तीतली लांबी (पुट्टी) भरून वरून रंग दिलेला निघाला. ती लांबी पाण्याखाली कधीही वापरू नका. त्यात टाल्कची पूड असते, ती पाणी पिऊन भुसभुशीत होते. सगळी काढल्यावर हाताचा पंजा जाईल एवढं भोक उघडं पडलं.

भोकाच्या कडा सरळ ठेवून वर तुकडा चिकटवला तर तो तुकडा कडेने सुटतो. जाडीच्या बारापट उतार काढावा लागतो. आमच्या होडीची जाडी तिथे सहा मिलिमीटर, म्हणून चारी बाजूंनी सात सेंटिमीटरपर्यंत ग्राइंडरने उतार काढला. पंजाएवढं भोक परातीएवढं झालं, बाबा बघून गप्प झाले. पण नवा थर धरतो तो याच उतारावर.

कोणतं रेझिन घ्यायचं यावर काका आणि मी दोन दिवस बोलत होतो. त्यांचा हात पॉलिएस्टरवर बसलेला, स्वस्तही तेच. नवी होडी बांधायला ते उत्तम आहे, कारण सगळे थर ओले असतानाच एकमेकांत मिसळतात. पण वीस वर्षांच्या वाळलेल्या अंगावर इपॉक्सी, हे दुसऱ्या जातीचं रेझिन, जास्त घट्ट धरतं. शेवटी काकांनी मानलं. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एक, नेहमीची तुकड्यांची मॅट इपॉक्सीबरोबर नको. तिचे धागे ज्या गोंदाने धरलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नाही, मॅट ताठच राहते आणि वळणावर बसत नाही. आम्ही ६०० ग्रॅमचं विणलेलं कापड घेतलं, आठ थर दिले, चार एका दिवशी आणि चार दुसऱ्या. दुसरी गोष्ट, इपॉक्सी वाळल्यावर वर मेणचट साय येते. ती साध्या पाण्याने घासून धुवायची आणि मगच पेपर मारायचा.

मार्चच्या उन्हात इपॉक्सी मगात साठवून ठेवायचं नाही. मी पहिल्या दिवशी अर्धा लिटर एकदम कालवलं. थोड्याच वेळात मग हाताला चटके देऊ लागला आणि धूर निघाला, सगळं फुकट गेलं. नंतर पसरट ट्रेमध्ये दोनशे-दोनशे ग्रॅम कालवलं आणि काम सुरळीत झालं. जे पॉलिएस्टर वापरतील त्यांना कळकळीने सांगतो, रेझिन घट्ट व्हावं म्हणून त्यात घालायची कॅटलिस्ट आणि कोबाल्ट ही दोन रसायनं एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. दोन्ही बाटल्या लांब-लांब ठेवा आणि पोरांच्या हाताला लागू देऊ नका.

ग्राइंडिंगची धूळ हा शेजारधर्माचाही प्रश्न आहे. काचेची पूड अंगाला खाजते, फुप्फुसात गेली तर वाईटच, आणि आमच्या शेजारी बांगडे सुकत घातलेले असतात. म्हणून घासण्याचं सगळं काम सकाळी, मतलई वारा पाण्याकडे वाहत असेपर्यंत. खारा वारा फिरला की ग्राइंडर बंद. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, चांगला मास्क, आणि घरी गेल्यावर आधी गार पाण्याने आंघोळ.

इंजिन बसतं त्या मागच्या फळीत प्लायवूड असतं. तीन ठिकाणी बारीक ड्रिल मारून बघितलं, भुसा कोरडा आणि फिकट निघाला. भोकं इपॉक्सीने बुजवली आणि तो विषय संपला.

तळाला साध्या रंगाऐवजी आधी इपॉक्सीचा अडथळा-थर दिला, पाच हात, एकूण साडेतीन लिटर. पाणी पुन्हा आत शिरू नये म्हणून जी काही खात्री आहे ती याच थराची, म्हणून त्यात हात राखला नाही. एक हात पांढरा, दुसरा करडा, असे आलटून पालटून दिले, म्हणजे कुठे सुटलं ते लगेच दिसतं.

पाण्याच्या रेषेवर दोन डब्यांचा पॉलियुरेथेन रंग. त्याच्या हार्डनरमध्ये, म्हणजे रंग घट्ट करणाऱ्या दुसऱ्या डब्यात, आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, साधा कापडी मास्क त्याला काही कामाचा नाही. स्प्रे तर घरगुती कामात नकोच. एकाने रोलर फिरवायचा, दुसऱ्याने मागोमाग मऊ ब्रशच्या टोकाने हलकेच ओढायचं. बाबांचा हात त्यात इतका छान बसला की लांबून स्प्रेचाच वाटतो. पहिला हात आम्ही दुपारी तीन वाजता सुरू केला ही चूक. संध्याकाळचा दमटपणा ओल्या रंगावर बसला आणि सकाळी सगळी बाजू धुरकट. ३२० नंबरच्या पेपरने पुन्हा घासावी लागली. दुसऱ्या वेळी सकाळी, दव पूर्ण उडाल्यावर, नऊला सुरुवात करून बाराच्या आत संपवलं. रंग पांढराच ठेवला. बाबांना गडद निळा हवा होता, पण आपल्या उन्हात गडद अंग फार तापतं, आतल्या कापडाची वीण वर उमटते. निळ्याचा एक पट्टा दिला, त्यावर तेही खूश आहेत.

आता तळाच्या रंगाची ती चूक. शिंपले धरू नयेत म्हणून तांब्याचा अँटिफाउलिंग रंग लावतात, क्युप्रस ऑक्साइडचा. पूर्वी असल्या रंगांत कथिलाचं संयुग असायचं. ते शिंपल्यांना आणि बाकी समुद्री जिवांना इतकं घातक ठरलं की २००१ साली त्यावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. तांब्याचा रंग ॲल्युमिनियमला खातो, म्हणून इंजिनच्या पायाला तो लावायचा नाही आणि त्याच्याभोवती इंचभर जागा सोडायची, एवढं मी नीट पाळलं. पण दोन्ही हात एप्रिलमध्येच देऊन मोकळा झालो. होडी महिनाभर पाण्यात राहिली आणि मेअखेर पुन्हा वर. ऑगस्टअखेरपर्यंत ती कोरडी उभी होती. आमचा रंग कठीण जातीचा, तो हवेत राहिला की वरचं तांबं निकामी होतं. नारळी पौर्णिमेनंतर तशीच पाण्यात सोडली आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तळाला शिंपल्यांची खडबडीत रांग धरली होती. पुन्हा वर ओढून, ओल्या पेपरने हलकं घासून नवा एक हात दिला. तेव्हापासून आजपर्यंत फक्त थोडं शेवाळ येतं, ते हाताने पुसलं की जातं. एप्रिलमध्ये अडथळा-थरावर त्याला चालणारा प्रायमर देऊन थांबायला हवं होतं, तांब्याचा रंग ऑगस्टमध्ये. आणि ज्यांची होडी रोज पुळणीवर ओढली जाते त्यांनी हा खर्च करूच नये, वाळू दोन आठवड्यांत सगळा रंग काढेल.

बाकी नऊ महिन्यांत काय झालं? ठिगळावर परवाच ठोकून बघितलं, आवाज खणखणीत. पॉलियुरेथेनला खडू सुटलेला नाही. ऑइलपेंट या वेळेपर्यंत हाताला पांढरा लागायचा. जेटीच्या टायरचे काळे पट्टे पडतात, साबणाच्या पाण्याने निघतात. एका जागी लोखंडी कडीने खरवडलं आहे, तिथे पातळ ब्रशने हात दिला तर ठिगळाचा रंग किंचित वेगळा दिसतो. या रंगाचा हा दोष खराच. होडी हलकी चालते हे बाबांना इंजिनच्या आवाजावरून पहिल्याच दिवशी कळलं. वीस वर्षांचा रंग आणि आत मुरलेलं पाणी उतरल्यावर ती पाण्यावर वर बसते.

एक वाईट बातमी. पठाणीच्या, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याच्या, डाव्या बाजूला, जिथे होडी लाकडी ठोकळ्यांवर टेकलेली होती, दोन बारीक फोड पुन्हा दिसले आहेत. ठोकळे सरकवायचे राहिले आणि तेवढीच जागा नीट वाळली नाही. या फेब्रुवारीत होडी पंधरा दिवस वर घेणार आहे, या वेळी ठोकळे वेगळ्या जागी. प्लॅस्टिकचा चौकोन आणि टेप बाबांनी आत्ताच काढून ठेवलाय.