फ्रेम चांगली, पण माउंट कापताना उभं राहा

मेन रोडच्या मागच्या गल्लीतलं फ्रेमवाल्याचं दुकान. बोटीवरची नोकरी सुटली तेव्हा बाद झालेला एक पायलट चार्ट, म्हणजे त्या त्या महिन्याचे वारे-प्रवाह दाखवणारा नकाशा, घरी घेऊन आलो होतो, हिंदी महासागराचा, जुलै महिन्याचा. तो इतकी वर्षं गुंडाळीतच होता. सागवानी पट्टी, पांढरा माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट), साधी काच, सगळे मिळून २,२०० रुपये. चार दिवस म्हणाले, आठव्या दिवशी दिली. तेवढं चालतं.

घरी आणून बघतो तर एक ओळ गायब. माउंट अर्धा इंच आत कापला होता आणि नेमकी तीच ओळ झाकली गेली: हा चार्ट मॅथ्यू मॉरी याने अमेरिकन नौदलात लेफ्टनंट असताना केलेल्या संशोधनावर आधारलेला आहे.

परत गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, नकाशा तर पूर्ण दिसतोय. ते बारीक कोण वाचतंय?"

मी वाचलंय, बोटीवर रात्रीच्या कित्येक वॉचमध्ये, म्हणजे पहाऱ्याच्या पाळ्यांत. घोडागाडीच्या अपघातात मॉरीचा पाय अधू झाला, म्हणून १८४२ साली त्याला नौदलाच्या चार्टांच्या कोठारावर नेमलं. तिथे धूळ खात पडलेली लॉगबुकं त्याने उघडली आणि कप्तानांच्या नोंदींतून वाऱ्यांचे, प्रवाहांचे चार्ट काढले. नोंदी पाठवणाऱ्याला चार्ट फुकट. माझ्या चार्टवर निळ्या बाणांना जितकी पिसं तितका वाऱ्याचा जोर. जुलैत अरबी समुद्रावर हे बाण असे पिसारलेत की नाशिकचं गंगापूर धरण कुठून भरतं आणि गोदावरीच्या पुरात दुतोंड्या मारुतीची मूर्ती का बुडते ते वेगळं सांगावं लागत नाही.

पण ती ओळ "लेफ्टनंट असताना"वरच थांबते. १८६१ मध्ये हाच माणूस नौदल सोडून गुलामी टिकवायला अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांना मिळाला. त्याआधी तो गुलामांना मालकांसकट अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात वसवण्याच्या योजना मांडत होता. अमेरिकेतल्या रिचमंड शहरातला त्याचा पुतळा २०२० मध्ये उतरवला. त्याच्या नावाच्या सर्वेक्षण जहाजाला २०२३ मध्ये मेरी थार्पचं नाव दिलं, समुद्रतळाचा नकाशा काढणारी ती. आमच्या घरी मत पडलं, "कापलं गेलं तर बरंच झालं, कशाला हवा तो भिंतीवर?" मला पटेना. बाण त्याचे ठेवायचे आणि नाव तेवढं माउंटखाली ढकलायचं?

मालकांनी निमूट ऐकलं. नवा माउंट फुकट कापला. शिवाय चार्टखाली दुसरी छोटी खिडकी कापून माझ्या हातची चार ओळींची मराठी चिठ्ठी बसवली, १८६१ सकट. तिचे ८० रुपये घेतले.

कोपरे घट्ट, मागे प्लाय, चार्टला कुठे गोंद नाही. काच मात्र चकाकते. खिडकीसमोर लावणार असाल तर मॅट मागा. पाचपैकी चार.