रोज अंगावर बाळगायचं छोटं पिस्तूल: लपवावी लागते ती मूठ, नळी नव्हे

कपड्याआड रोज बाळगायचं पिस्तूल निवडताना बहुतेकांची नजर आधी नळीच्या लांबीवर जाते, आणि निवड तिथेच चुकते. नळी पट्ट्याच्या खाली, पँटच्या आत उभी राहते. ती थोडी लांब असली तरी बाहेरून काही दिसत नाही. शर्टातून वर येते ती मूठ. खाली वाकलं, खुर्चीतून उठलं, गाडीतून उतरलं, की मुठीच्या तळाची मागची कड कापडाला आतून ढोसते आणि तिथे कोपरा उठतो.

ग्लॉक ४३एक्स आणि ग्लॉक ४८ शेजारी ठेवले की हे लगेच पटतं. दोन्ही २०१९ साली आले, दोघांची मूठ तंतोतंत एक, मॅगझिन १० गोळ्यांचं. एकाची नळी ८७ मिमी, दुसऱ्याची १०६. पँटच्या आत लावल्यावर दोन्ही सारखेच लपतात. उलट लांब नळीचं ४८ बसताना जास्त स्थिर राहतं, कारण पट्ट्याखालचा भाग लांब असल्याने मूठ बाहेरच्या बाजूला कलंडत नाही. नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या माशीतलं अंतर वाढल्यामुळे नेमही सोपा होतो. तेव्हा कंपनीच्या मापांच्या तक्त्यात नळीच्या आधी उंची आणि जाडी वाचा.

पुढचं सगळं परवाना असलेल्यांसाठी आणि जिथे लपवून बाळगायला कायद्याची मुभा आहे तिथल्यासाठी आहे. ते आधी पक्कं करा, मग दुकानात जा.

काडतुसाबद्दल फार घोळ घालण्याचं कारण नाही. ९ × १९, म्हणजे नेहमीचं ९ मिमी, घ्या. १९०२ पासून चालत आलेलं हे काडतूस सगळीकडे मिळतं, सरावाला परवडतं आणि आजच्या चांगल्या पोकळ टोकाच्या गोळ्या या कॅलिबरमध्ये भरवशाने काम करतात. .३८० एसीपी हे त्याहून आखूड, कमी जोराचं काडतूस फक्त पिस्तूल अगदी खिशात मावायला हवं असेल तरच. आणि एक गैरसमज इथेच काढून टाकायला हवा: .३८० म्हणजे झटका सौम्य, असं सरसकट होत नाही. रुगरचं एलसीपी २००८ साली आलं, वजन जेमतेम २७० ग्रॅम, मॅगझिनमध्ये ६ गोळ्या. खिशात ते असल्याचं जाणवतही नाही, पण हातात धरायला दोन बोटांपुरतीच मूठ उरते आणि दर गोळीला पकड नव्याने बसवावी लागते. नवशिक्याला हे पिस्तूल कधीही सुचवू नये. ते उत्तम नेमबाजाचं दुसरं पिस्तूल आहे.

आता मुख्य दावेदार. ग्लॉक १९ हे १९८८ पासूनचं, आणि 'कॉम्पॅक्ट' म्हटलं की मोजपट्टी म्हणून अजूनही तेच डोळ्यापुढे येतं. १५ गोळ्या, १०२ मिमी नळी, जाडी ३४ मिमी, रिकाम्या मॅगझिनसह वजन पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास. ९ मिमीचं एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं, म्हणजे १५ भरल्या की १८० ग्रॅम वर. हे एकूण साडेआठशे ग्रॅम दिवसभर कमरेवर राहणार. गोळी झाडायला या सगळ्यांत हेच सर्वांत सोपं आहे: मूठ पूर्ण हातात येते, झटका पसरतो, स्लाइडला (वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाला) पकडायला जागा आहे. मात्र जाडी जाणवते. सडपातळ बांध्याच्या माणसाला पातळ शर्टाखाली ते लपवणं अवघड जातं.

४३एक्सची उंची १२८ मिमी, म्हणजे १९ एवढीच. फरक जाडीचा: २८ मिमी. हे सहा मिलिमीटर कागदावर किरकोळ वाटतात, पण बरगडीखाली दहा तास घालवल्यावर त्यांची किंमत कळते. ज्यांची बोटं आखूड आहेत त्यांना ४३एक्स १९ पेक्षा चांगलं बसतं. मोठ्या पंजाच्या माणसाला मात्र ते पट्टी धरल्यासारखं वाटतं आणि झटक्यासरशी तळहातात फिरतं.

सिगचं पी३६५ २०१८ मध्ये आलं आणि या वर्गाचा हिशोबच बदलला. तोवर एवढ्या लहान पिस्तुलात ६ ते ८ गोळ्या मिळायच्या. सिगने दीड रांगेच्या (गोळ्या किंचित आलटून-पालटून रचलेल्या) मॅगझिनमध्ये १० बसवल्या. उंची १०९ मिमी, नळी ७९, वजन पाचशे ग्रॅमच्या घरात. लपवण्यात ते अव्वल आहे. अडचण करंगळीची. सपाट बुडाच्या मॅगझिनवर बऱ्याच जणांची करंगळी खाली लोंबकळते आणि सलग गोळ्या झाडताना टोक वर उडतं. बोट टेकवायला ओठ असलेलं मॅगझिनचं बूड लावलं की बरंच सुधारतं. माझ्या मते बहुतेकांनी थेट पी३६५ एक्सएल बघावं: नळी ९४ मिमी, मॅगझिन १२ गोळ्यांचं, मूठ जेमतेम १३ मिमी जास्त. एवढ्या वाढीव उंचीत संपूर्ण पंजा बसतो, आणि एकच पिस्तूल घेऊन बाराही महिने तेच बाळगायचं असेल तर माझा कौल याला.

स्मिथ अँड वेसनचं शील्ड प्लस (२०२१) याच मापातलं: १० गोळ्यांचं आखूड आणि १३ चं लांब मॅगझिन, ट्रिगर या वर्गात सर्वांत स्वच्छ. अंगठ्याचा सेफ्टी खटका हवा असेल तर तसंही मिळतं. आणि हाताला जोर कमी असलेल्यांनी याच कंपनीचं शील्ड ईझेड जरूर हाताळावं. आत घोडा असल्यामुळे स्लाइडची स्प्रिंग हलकी ठेवता आली आहे आणि स्लाइड दोन बोटांच्या जोरावर मागे येते. गोळ्या ८ च, पण स्लाइड ओढताच येत नसेल तर १५ गोळ्यांचा उपयोग काय?

स्मिथ अँड वेसनच्या जे-फ्रेम, म्हणजे लहान सांगाड्याच्या, रिव्हॉल्व्हरची शिफारस बरेच जण 'साधं, अडकत नाही' म्हणून करतात. अर्धंच खरं. मॉडेल ६४२ घ्या: .३८ स्पेशल, ५ गोळ्या, घोडा आत झाकलेला, त्यामुळे खिशातून काढताना कशात अडकत नाही. स्लाइड नसल्याने अंगाला चिकटून झाडलं तरी थांबत नाही. पण ट्रिगरला पाच किलोहून जास्त जोर लागतो, माशी म्हणजे नुसती खाच, आणि इतक्या हलक्या सांगाड्यात झटका तळहाताला झोंबतो. शिवाय रिव्हॉल्व्हर अडकतो तेव्हा पक्का अडकतो. पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचा एखादा कण बसला की सिलिंडर फिरायला जड जातो. झटक्यामुळे न झाडलेल्या काडतुसातली गोळी पुढे सरकून सिलिंडरबाहेर डोकावली, तर तो फिरायचाच बंद होतो. याची चाचणी सोपी आहे: चार गोळ्या झाडा, पाचवी बाहेर काढून नव्या काडतुसाशेजारी उभी करा. लांबी वाढली असेल तर ती गोळी या रिव्हॉल्व्हरसाठी नाही.

दुकानात पिस्तूल हातात घेतल्यावर काय तपासायचं? आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, चेंबर (नळीच्या मागची काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीने चाचपायचं. दुकानदाराने तपासलं असलं तरीही. मग पूर्ण पकड घ्या आणि नळी हाताच्या रेषेत आहे का बघा. ट्रिगरवर बोटाच्या पहिल्या पेराचं मधोमध यायला हवं. टोकच पोचत असेल तर ओढताना पिस्तूल एका बाजूला ढकललं जातं आणि गोळ्या सतत त्याच बाजूला पडतात. पकड न सोडता अंगठा मॅगझिनच्या खटक्यापर्यंत जातो का? स्लाइड दहा वेळा ओढा. दहाव्या वेळी हात थरथरत असेल तर ते पिस्तूल तुमचं नाही. शेवटी खुर्चीत बसा, वाका आणि पुन्हा उठा, शक्य असेल तर होल्स्टरसह (पिस्तुलाच्या म्यानासह).

विकत घेतल्यावर लगेच कमरेला लावू नका. सरावाच्या गोळ्या झाडून झाल्यावर जी गोळी रोज बाळगणार, तीच निदान २०० झाडून बघा, प्रत्येक मॅगझिनमधून, दोन्ही हातांनी आणि एकेका हाताने. लहान पिस्तुलात ९० टक्के कुरबुरी मनगटामुळे होतात असं दुकानात ऐकवलं जातं. टक्केवारी सोडा, कारण मात्र खरं आहे. स्लाइड मागे जायला सांगाडा जागेवर राहावा लागतो. मनगट ढिलं पडलं की सांगाडाही मागे जातो, स्लाइडचा प्रवास अपुरा राहतो आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकते. पाचशे ग्रॅमच्या पिस्तुलात हे पावणेसातशे ग्रॅमच्यापेक्षा लवकर होतं. उपाय एकच: मॅगझिनच्या बुडाला तळहाताचा ठोका, स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडून देणं. सोडून देणं महत्त्वाचं. हाताने सोबत करत पुढे नेली तर ती एखाद-दोन मिलिमीटर अलीकडेच थांबते आणि ट्रिगर ओढला तरी काही होत नाही.

दुसरी नेहमीची चूक मॅगझिन बसवतानाची. स्लाइड पुढे असताना काठोकाठ भरलेलं नवं मॅगझिन खटक्यापर्यंत जायला चांगला जोर लागतो. ते बसल्यासारखं वाटतं, पहिली गोळी सुटते आणि मॅगझिन पायाशी पडतं. प्रत्येक वेळी ठोकून बसवा आणि मग खाली ओढून बघा.

होल्स्टरवर पिस्तुलाइतकाच विचार खर्च करायला हवा. ग्लॉकसारख्या स्ट्रायकरच्या (घोड्याऐवजी आत स्प्रिंगवरची सुई असलेल्या) पिस्तुलाला बाहेरून सेफ्टी खटका नसतो. आतले तीन अडथळे ट्रिगर ओढला की क्रमाने हटतात. पडल्याने ते सुटणार नाही, पण ट्रिगर बोटाने ओढला की जॅकेटच्या दोरीने, हे पिस्तुलाला कळत नाही. त्यामुळे ट्रिगरगार्ड पूर्ण झाकणारं, कडक कायडेक्स प्लॅस्टिकचं, त्याच मॉडेलसाठी घडवलेलं होल्स्टरच घ्यायचं. सगळ्या पिस्तुलांना चालणारं मऊ कापडी होल्स्टर मुळीच नको. जुन्या चामड्याचं तोंड मऊ पडून आत दुमडतं आणि परत घालताना तीच घडी ट्रिगरवर दाबते. अशाने गोळ्या सुटल्या आहेत.

पोटाच्या पुढच्या बाजूला लावायचं असेल तर होल्स्टरला पंजा हवा. हा छोटा तुकडा पट्ट्याच्या आतून दाब घेतो आणि मूठ शरीराकडे वळवतो. खालच्या टोकाला आतून फोमची पाचर लावली की वरची बाजू आत झुकते. या दोन स्वस्त गोष्टींनी ग्लॉक १९ जितकं लपतं, तितकं पुष्कळदा त्याहून लहान पिस्तूलही साध्या होल्स्टरमध्ये लपत नाही. या जागी नळीसमोर मांडीची मोठी रोहिणी असते, म्हणून परत घालताना घाई नको: शर्ट पूर्ण वर, कंबर पुढे, बोट सांगाड्यावर सरळ, डोळे होल्स्टरच्या तोंडावर. जरा जरी अडखळलं तरी ढकलायचं नाही, बाहेर काढून बघायचं. हे जमत नसेल तर होल्स्टर पँटमधून काढा, पिस्तूल त्यात बसवा आणि मग दोन्ही एकत्र लावा. बाजूला, कमरेच्या हाडामागे लावणाऱ्यांनी साधारण १५ अंश पुढे कललेलं घ्यावं. मूठ पाठीच्या रेषेत जाते.

पट्टा ३८ मिमी रुंद आणि आडवा न पिळणारा. नेहमीच्या ऑफिसच्या पट्ट्यावर पिस्तूल दुपारपर्यंत लोंबायला लागतं, आणि लोक दोष पिस्तुलाच्या वजनाला देतात.

लाल ठिपक्याच्या साइटबद्दल थोडक्यात: वय चाळिशीपुढे गेलं आणि पुढची माशी धूसर दिसू लागली की तिचा फार उपयोग होतो. स्लाइडवरची खाच आणि साइटचा पाया एकमेकांशी जुळतो का ते घेण्याआधी तपासा, आणि काचेमागचा दिवा दर आठवड्याला पुसा, कारण कपड्याचे तंतू नेमके तिथेच साचतात.

रोज बाळगायच्या गोळीसाठी एफबीआयचा निकष बघा: मांसाच्या जागी वापरल्या जाणाऱ्या १० टक्के जिलेटिनमध्ये ३० ते ४६ सेंमी शिरकाव. आखूड नळीतून वेग कमी मिळतो आणि पोकळ टोक कधी कधी उघडतच नाही, म्हणून आखूड नळीतून चाचणी झालेली गोळी निवडा.

आणि रात्रीचा नेम. बरेच जण रोज चेंबर रिकामं करतात आणि सकाळी तेच काडतूस परत चढवतात. दर वेळी गोळीचं टोक चेंबरकडे नेणाऱ्या चढणीवर आपटतं आणि ती पुंगळीत थोडी थोडी आत दबते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो, धोकादायक इतका वाढू शकतो. ते काडतूस नव्याशेजारी टेबलावर उभं करा. ९ मिमीची कमाल लांबी २९.६९ मिमी, पेटीतल्या नव्यापेक्षा जुनं डोळ्यांना दिसेल इतकं बुटकं झालं असेल तर ते पुन्हा चढवायचं नाही. त्यापेक्षा भरलेलं पिस्तूल होल्स्टरसकट काढा आणि तसंच कुलुपाच्या पेटीत ठेवा. काडतूस शाबूत राहतं, घरातल्या मुलांचा हात पोचत नाही, आणि दिवसातून दोनदा ट्रिगरजवळ बोट नेण्याची वेळच येत नाही.