मे महिन्यात फुलदाणीसाठी काय लावावं: झिनिया, निशिगंध की हेलिकोनिया?

गोव्यात फुलझाडं लावताना सगळे उन्हाची धास्ती घेतात. माझा अनुभव वेगळा आहे. मेचं ऊन दोन वेळ पाणी घालून, वर माडाची चार चुडतं (झावळ्या) टाकून निभावता येतं. जूनच्या सुरुवातीला येणारा पाऊस मात्र आपल्या हातात नसतो, आणि इथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणून घराशेजारी एकच वाफा असेल आणि कापून घरात ठेवायला फुलं हवी असतील, तर या महिन्यात काय फुलेल याच्याबरोबर जुलैत काय उभं राहील हेही बघा.

मी उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यात राहते. माती जांभ्याची, लाल. पाणी धरत नाही आणि मेमध्ये विटेसारखी कडक होते. तिन्ही फुलं मी याच मातीत केली आहेत.

झिनिया माझी लाडकी, म्हणून तिच्याबद्दल जास्त लिहिणार. बी टाकल्यापासून साधारण साठ दिवसांत फूल. मार्चच्या सुरुवातीला पेरलेली मेमध्ये ऐन भरात असते, म्हणजे बाकीची बाग सुकलेली असताना घरात लाल, केशरी, गुलाबी रंग येतो. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा. पहिल्या वर्षी मला ते जिवावर आलं होतं आणि मी खुडला नाही. एकेका झाडाला एकच जाड दांडा आणि वर एक फूल, एवढंच मिळालं. खुडल्यावर बाजूच्या फांद्या लांब आणि सरळ येतात, फुलदाणीला त्याच लागतात. फूल कापतानाही फक्त फुलाखालचा वीतभर तुकडा घेऊ नका. खालच्या पानांच्या जोडीपर्यंत जाऊन कापा, तिथूनच नव्या फांद्या फुटतात. कापत राहिलात तर फुलत राहते. झाडावर फुलं वाळू दिली की ती बी धरते आणि फुलणं मंदावतं. आठवडाभर घर बंद ठेवणाऱ्याने झिनियाच्या वाटेला जाऊ नये.

कापायची वेळ ओळखण्याची एक खूण आहे. फुलाखाली वीतभर अंतरावर दांडा धरून हलवा. मान लुळी पडली तर फूल कच्चं आहे, पाण्यात ठेवल्यावर माना टाकेल. दांडा ताठ राहिला तरच कापा, कारण झिनिया कापल्यावर आणखी उमलत नाही. कापणी सकाळी ऊन चढण्याआधी, आणि पाण्याची बादली वाफ्यापाशीच हवी. दांड्याची खालची पानं काढून टाका, ती पाण्यात कुजतात. तरीही झिनियाचं पाणी लवकर गढूळ होतं, म्हणून रोज बदला. फुलं फ्रिजमध्ये ठेवायचा मोह टाळा, थंडीने पाकळ्या खराब होतात. नीट सांभाळली तर आठवडा टिकतात.

तिचा कमजोर भाग म्हणजे पाऊस. ती मूळची मेक्सिकोच्या कोरड्या माळांची. आपल्या दमट हवेत पानांवर आधी भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, मग करपा येतो. जुलैपर्यंत वाफा बघवत नाही. पाणी पानांवर न मारता बुंध्याशी घातलं आणि दोन रोपांत हातभर नसलं तरी वीतभर मोकळं ठेवलं, तर मे नक्की निभतो. मी एप्रिलच्या विसाव्याच्या सुमारास थोडं बी पुन्हा टाकते, ते केवळ २४ जूनच्या सांजांवसाठी, म्हणजे विहिरीत उड्या मारून साजरा होणाऱ्या ख्रिस्ती सणासाठी. शेजारची माय कोपेल, म्हणजे फुलांचा मुकुट, गुंफायला फुलं मागायला येते. पाकळ्यांवर तोवर पावसाचे डाग पडलेले असतात, पण एका दिवसापुरती फुलं छान दिसतात, आणि ती कोपेल डोक्यावर घालून मुलं विहिरीकडे धावतात तेव्हा डाग कोण बघतो!

निशिगंधाचं गणित उलटं. आता मेच्या सुरुवातीला कंद लावलेत तर तीन-साडेतीन महिन्यांनी, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आसपास दांडे येतील. या उन्हाळ्यात हाती काही लागणार नाही. कंद सुपारीएवढे तरी निवडा, आणि वाफा वीतभर उंच करा. पाणी साचलं की कंदकूज ठरलेलीच. डबल जात घेऊ नका. तिच्या भरगच्च कळ्यांत पावसाचं पाणी अडकतं आणि त्या न उमलताच तपकिरी होतात. बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेची ‘प्रज्वल’ ही एकेरी जात आहे. दांडा मजबूत, कळीला किंचित गुलाबी झाक. फुलदाणीतही चालते आणि सुटी फुलं हारातही ओवता येतात. झिनियाच्या उलट इथे खालची एक-दोन फुलं उमलताच दांडा कापायचा, बाकीची घरात एकेक करून उमलतात. रात्री खोलीभर वास असतो. वासासाठीच फुलं हवी असतील तर झिनिया तुमच्या कामाची नाही, तिला वासच नाही.

हेलिकोनियाबद्दल थोडक्यात. आवारात माड असतील आणि ऊन गाळून येत असेल, तर तिची ‘गोल्डन टॉर्च’ ही जात लावा. मेमध्ये नवी लागवड नको. गड्डे पहिल्या पावसानंतर घाला, सहा महिन्यांत फुलं सुरू होतात. ही पावसाळी जंगलातली वनस्पती, म्हणून आपला पाऊस तिला मानवतो. ज्यांच्याकडे आधीच झुडपं आहेत त्यांनी या महिन्यात बुंध्याशी नारळाच्या सोडणांचा थर द्यावा आणि पाणी तोडू नये. एक खोड एकदाच फुलतं, म्हणून फूल घेताना खोड बुडातून काढा. घरात आणण्याआधी पाण्यात बुडवून हलवा, आत मुंग्या असतात. फुलदाणीत दोन आठवडे सहज राहते. फक्त ती हातपाय पसरते, भोवती चिरे पुरून हद्द घाला.

माझ्याकडे एकच वाफा असता आणि तो दिवसभर उन्हात असता, तर आत्ता मी निशिगंध लावला असता आणि झिनियाचं बी पुढच्या मार्चसाठी कोरड्या डब्यात जपून ठेवलं असतं. रोज सकाळी कात्री घेऊन बाहेर पडणारी माणसं असाल आणि विहिरीला मेअखेरपर्यंत पाणी राहत असेल, तर पुढच्या वर्षी झिनियाच. माडांखालची जागा मात्र या दोघींना देऊ नका. सावलीत झिनिया बारीक होऊन वाकते आणि निशिगंध नुसती पानं काढतो.